तेच दोघं जिंकतात आणि बाकीचे गप्प होतात, तेव्हा ॲप बदलून काही होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजचे नऊ जण दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर सिनेमा-मालिका ओळखण्याचे खेळ खेळता. बहुतेक पुण्या-नाशिकचे, एक इंदूरचा, दोघी न्यू जर्सीत. आता दोघांच्या बायका आणि एकीची धाकटी बहीणही येऊन बसते. सुरुवातीला धमाल यायची. हल्ली तेच दोघं जिंकतात, तिघं कॅमेरा बंद करून बसतात, न्यू जर्सीच्या दोघी गळायला लागल्यात, एक जण गुपचूप गुगल करतो असा संशय आहे, आणि तुम्हाला हवंय एखादं चांगलं ॲप. शिवाय बक्षीस काय ठेवावं, हेही.

ॲपचं शेवटी बघू. मी बरीच वर्षं असे खेळ घेते, कंपन्यांच्या टीमसाठी, परदेशातल्या मराठी मंडळांसाठी आणि फुकटात नातेवाइकांसाठी. माझा अनुभव सांगते: ग्रुप थंड पडतो तो बहुतेक वेळा प्रश्नांमुळे. तुम्ही नमुन्याला जे तीन प्रश्न दिलेत (अमुक मालिकेचा दिग्दर्शक कोण, अमुक सिनेमा कोणत्या साली आला, अमुक गाण्याचा संगीतकार कोण) ते तिन्ही एकाच जातीचे आहेत. येत असेल तर एका सेकंदात येतं, नसेल तर अर्धा तास दिलात तरी येणार नाही. ज्याला येत नाही त्याने त्या वेळात करायचं काय? तो फोन बघतो. त्या फोनवरच गुगल आहे. कॅमेरा बंद होणं आणि उत्तर शोधणं ही दोन दुखणी वेगळी नाहीत.

म्हणजे प्रश्न असा हवा, की ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्यालाही डोकं लढवून उत्तराच्या आसपास जाता यावं. क्विझवाले याला ‘वर्क आउट होणारा’ प्रश्न म्हणतात. उदाहरण देते. ‘झपाटलेला’ कोणत्या साली आला? १९९३. संपलं. आता तोच सिनेमा असा विचारा: ‘१९९३ चा मराठी सिनेमा. खलनायकाचं नाव असं, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटावं. आडनाव असं, की ऐकल्याबरोबर पाय वर घ्यावेत. आणि सिनेमाचा बराच भाग हा इसम आपल्या गुडघ्याला लागेल एवढाच असतो.’

हा प्रश्न मी कितीतरी ग्रुपमध्ये टाकलाय आणि दर वेळी साधारण तेच घडतं. कोणीतरी पुटपुटतं, ‘अण्णा... आबा... काका...’ दुसरा म्हणतो, ‘पाय वर म्हणजे साप का? नाग? आबा नाग?’ मग हशा. एखादी म्हणते, ‘झुरळ आडनाव असतं का रे कोणाचं?’ आणि तेवढ्यात तिसऱ्या खिडकीतून किंकाळी येते, ‘तात्या विंचू!’ उत्तर एकाने दिलं, पण त्या मिनिटात पाच जण बोलले. ज्याने ‘आबा नाग’ म्हटलं तो रात्रभर आबा नाग झाला, ते वेगळंच. तुमच्या शनिवारात हरवलंय ते हे मिनिट.

असा प्रश्न लिहायला वेळ लागतो, हे मान्य. माझी पद्धत उलटी आहे. मी आधी उत्तर ठरवते, मग विचारते की या उत्तराबद्दल अशी कोणती गोष्ट आहे जी सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही दिसू शकते. नावातली गंमत, एखादी वस्तू, एखादा आकडा. साल आणि दिग्दर्शक हे टेकू म्हणून वापरायचे, त्यांच्यावर अख्खा प्रश्न उभा करायचा नाही.

दुसरा हुकमी प्रकार म्हणजे उतरती सूत्रं. पाच सूत्रं (म्हणजे उत्तराकडे नेणारे इशारे, क्लू), पहिलं सर्वात अवघड आणि पाच गुणांचं, शेवटचं एका गुणाचं आणि इतकं सोपं की सगळ्यांना आलंच पाहिजे. ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. पहिलं सूत्र: या मराठी सिनेमाची मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या एका हिंदी सिनेमातून आली (तो ‘बीवी और मकान’). दुसरं: निर्माते किरण शांताराम, साल १९८८. तिसरं: गोष्टीतला सगळा घोळ भाड्याच्या जागेपायी होतो. चौथं: सत्तर रुपये. पाचवं: धनंजय माने. चौथ्या सूत्राला सगळे एकदम ओरडतात, आणि ओरडूच द्या. पाचवं सूत्र वाचायची वेळ येत नाही, पण ते लिहून ठेवायचं. इंदूरच्या मित्राला कदाचित लागेल.

तुमचे दोन चॅम्पियन पहिल्याच सूत्राला उत्तर देऊन मोकळे होतील, ही तुमची पुढची तक्रार असणार. त्यासाठी माझ्याकडे एक नियम आहे: गेल्या वेळचा विजेता फक्त पहिल्या दोन सूत्रांपर्यंतच उत्तर देऊ शकतो. तिसऱ्यापासून त्याने तोंड बंद ठेवायचं. आणि चुकीचं उत्तर दिलं की कोणीही असो, पुढचं सूत्र येईपर्यंत बाद. जाणकार माणसाला हा नियम आवडतो, कारण त्याला अवघड पेपर मिळाल्यासारखं वाटतं. नाही आवडला तर तो कशासाठी येतो हेही कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे माझं उत्तर तुमच्या ग्रुपच्या वयांवर आणि गावांवर अवलंबून आहे. एका कॉलेजात शिकलो म्हणजे सगळ्यांनी लहानपणी तेच पाहिलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला दिसायला लागलं; इंदूरच्या मराठी घरात तेव्हाचे मराठी कार्यक्रम पोचलेच नाहीत. अल्फा मराठी १९९९ मध्ये आलं, पण त्यासाठी घरी केबल लागायची, आणि दहावीच्या वर्षी केबल तोडणारे आईबाप आपल्याकडे थोडे नव्हते. त्यामुळे ‘वादळवाट’ किंवा ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ एकाला तोंडपाठ आणि त्याच वयाच्या दुसऱ्याला फक्त नावाने ठाऊक, असं सर्रास असतं. उलटही होतं. ‘रामायण’ १९८७ चं, म्हणून ते फक्त चाळिशीपुढच्यांना येईल असं वाटतं. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ते परत दाखवलं, आणि तेव्हा घरात अडकलेली शाळकरी पोरं आज मोठ्यांना त्यात हरवतात. तुमच्या मैत्रिणीची धाकटी बहीण त्यातलीच असू शकते. शिवाय तिच्या पिढीला ‘बनवाबनवी’चे संवाद स्टिकरमधून पाठ असतात, सिनेमा मात्र अथपासून इतिपर्यंत पाहिलेला नसतो. तिला संवाद विचारा, कथा विचारू नका.

म्हणून पुढच्या शनिवारच्या आधी एक काम करा. प्रत्येकाला वेगळा मेसेज टाका: ‘दोनपेक्षा जास्त वेळा पाहिलेल्या पाच गोष्टी सांग, सिनेमा, मालिका, काहीही. इज्जतीचा विचार करू नको.’ शेवटचं वाक्य जरूर लिहा. नाहीतर लोक ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ लिहून पाठवतात आणि पाहिलेलं असतं ‘माझ्या नवऱ्याची बायको’. आलेल्या याद्यांवरून प्रश्न काढा, आणि दर खेळात प्रत्येकासाठी निदान एक प्रश्न असा ठेवा की तो त्या माणसाच्या घरच्या मैदानावरचा असेल. हे कोणाला सांगायचं नाही. जो कायम शेवटचा असतो त्याला एकट्याला उत्तर आलं, की पुढच्या प्रश्नाला त्याचा कॅमेरा आपोआप चालू होतो. कॅमेरा चालू करा म्हणून विनवण्या करण्यापेक्षा हे सोपं आहे.

मिश्र वयाच्या ग्रुपला आणखी एक प्रकार फार मानवतो, तो म्हणजे जोडणी, म्हणजेच क्विझवाल्यांचा ‘कनेक्ट’. चार चित्रं दाखवायची आणि त्यांना बांधणारं एक नाव विचारायचं. माझं आवडतं: गोल काड्यांचा चष्मा, एक बाहुला, पत्त्यातला चौकटचा राजा आणि एक डायरी. उत्तर दिलीप प्रभावळकर. चष्मा ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधीजींचा, बाहुला आपले तात्या, चौकटचा राजा म्हणजे ‘चौकट राजा’, आणि डायरी टिपरे आजोबांची. एकाच माणसाची चार कामं, पण बघणारे चार वयांचे. हिंदीवाल्याला चष्म्यातून धागा सापडतो, नव्वदीतल्या पोराला बाहुल्यातून, आणि मालिका बघणाऱ्या घराला डायरीतून. ग्रुपमध्ये कोणाचे आईवडील बसत असतील तर पाचवं चित्र काळ्या टोपीचं ठेवा आणि ‘चिमणराव’ म्हणून त्यांना गहिवरू द्या. हा प्रश्न एकट्याने सोडवण्यापेक्षा दोघांनी मिळून सोडवायला जास्त मजा येते, म्हणून इथे जोड्या पाडा आणि दर आठवड्याला बदला. चॅम्पियन दोघं एका जोडीत कधीच नकोत.

गुगलचा बंदोबस्तही याच चित्रांत आहे. सिनेमातलं दृश्य जसंच्या तसं दाखवलंत तर गुगल लेन्स दोन सेकंदांत नाव सांगतं. चष्म्याचं किंवा पत्त्याचं चित्र दाखवलंत तर लेन्स सांगतं, ‘चष्मा’. झालं. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलू नका. पुरावा नसतो, आणि मैत्रीत उगाच खडा पडतो. प्रश्नच असा ठेवा की शोधून फायदा नाही. शब्दांत विचारायचं असेल तर प्रश्न मोठ्याने वाचा, स्क्रीनवर लिहून दाखवू नका. ऐकलेला लांब प्रश्न टाइप करेपर्यंत वेळ संपते. आणि उत्तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचं. हात कागदावर असले की फोनवर नसतात.

कागदाचा दुसरा फायदा नेटचा. ‘जो आधी ओरडेल त्याचा गुण’ हा नियम समोरासमोर ठीक आहे, कॉलवर नाही. ज्याच्याकडे घरचं वायफाय आहे त्याचा आवाज आधी पोचतो आणि मोबाइल डेटावर बसलेल्याचा नंतर, आणि दोघंही शपथेवर सांगतात की मीच आधी बोललो. वेगावर गुण ठेवणारे खेळ अधूनमधून गंमत म्हणून ठीक. रोजचे नकोत.

पार्श्वसंगीत किंवा शीर्षकगीताची धून ओळखायची फेरी घेत असाल तर एक तांत्रिक खाचखळगा सांगते, कारण यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. फोनवर गाणं लावून तो लॅपटॉपच्या माइकजवळ धरू नका. कॉलच्या सॉफ्टवेअरला संगीत म्हणजे गोंगाट वाटतो, ते दाबून टाकतं, आणि समोरच्याला तुटक घरघर ऐकू येते. झूममध्ये स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करायची असते. गुगल मीटवर क्रोमचा टॅब शेअर करून त्याचा आवाज चालू ठेवायचा. आणि ओटीटीवरचा प्रसंग थेट दाखवायला जाल तर बहुतेक वेळा समोर काळी चौकट दिसेल. तुमचं काही बिघडलेलं नसतं, कॉपी होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते. अशा वेळी प्रसंग तोंडी सांगा. नाट्यमय आवाजात सांगितलेला प्रसंग मूळ प्रसंगापेक्षा जास्त चालतो, हे माझं प्रामाणिक मत.

भांडणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती होणारच. सगळ्यात जास्त भांडणं ‘पहिला’ या शब्दावरून होतात. पहिला भारतीय सिनेमा कोणता? नव्वद टक्के लोक ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणतील. दादासाहेब फाळक्यांचा, ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन. तेवढ्यात एक अभ्यासू सांगेल की त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. मग दुसरा म्हणेल, ते तर नाटकाचं चित्रीकरण होतं, फिल्मवरचं काम इंग्लंडला झालं, ते धरत नाहीत. खेळ वीस मिनिटं ठप्प. वाद म्हणून हा सुंदर आहे, प्रश्न म्हणून नाही. ‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘सर्वाधिक कमाई’ हे शब्द प्रश्नात दिसले की मी प्रश्नच काढून टाकते. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’, १९३२, असल्या निर्विवाद गोष्टी सोडून. बाकी, खेळ घेणाऱ्याचा निर्णय त्या रात्रीपुरता अंतिम, आणि गुगल करून खरंखोटं करायचं ते खेळ संपल्यावर.

आता त्या दोघा चॅम्पियनांचं. त्यांना हरवायचा प्रयत्न सोडा आणि त्यांच्या हातात खेळ द्या. ज्याला सगळं येतं त्याला स्वतःचं ज्ञान दाखवायला जागा हवी असते. प्रश्न काढण्यात ती भरपूर मिळते. अट एकच घाला: त्याच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच आलं नाही तर हार त्याची. हे ऐकल्यावर साल-दिग्दर्शकवाले प्रश्न आपोआप कमी होतात. पुढे सगळ्यांनीच आळीपाळीने खेळ घ्या. शांत माणसं कधीकधी फार छान प्रश्न काढतात, कारण न येण्याचं दुःख त्यांना ठाऊक असतं.

‘दर वेळी एवढी तयारी कोण करणार?’ हे खरंच आहे. ज्या आठवड्यात कोणाची तयारी नाही त्या आठवड्यात वीस प्रश्नांचा खेळ खेळा. एकाने सिनेमा मनात धरायचा, बाकीच्यांनी क्रमाने एकेक ‘हो-नाही’चा प्रश्न विचारायचा. क्रम पाळणं महत्त्वाचं, नाहीतर तेच दोघं सगळे प्रश्न विचारतात. ‘२००० नंतरचा आहे का?’ यासारखा प्रश्न अर्धं जग कापून टाकतो, त्यामुळे सुरुवातीला असे घ्या. पण मजा ‘शेवट दुःखी आहे का?’ यात आहे. मनात ‘सैराट’ असेल तर उत्तर सोपं. ‘कट्यार काळजात घुसली’ असेल तर उत्तर देणाराच विचारात पडतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून अर्धं कळतं. डम्ब शराज व्हिडिओवरही जमतो, फक्त मागे सरकून उभं राहा आणि हवेत अक्षरं काढू नका. बाकी तो तुम्हाला शिकवायला नको.

न्यू जर्सीच्या मैत्रिणींचा विचार करून एक गोष्ट: तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे साडेअकरा, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. शनिवारी सकाळी ही वेळ म्हणजे पोरांचे क्लास आणि किराणा. त्या गळतायत त्या कंटाळून नव्हे, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर रोज एक कोडं टाका, उत्तर चोवीस तासांनी. आठवड्यात मिळालेले गुण शनिवारच्या गुणांत मिळवा. कॉल चुकला तरी त्या खेळात राहतात.

आणि ॲप. साध्या कॉलवर, कागद-पेन घेऊन, वरचं सगळं होतं. फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी तुटतं, गुगल मीट तिघं किंवा जास्त असले तर तासाभराने. मला स्वतःला चाळीस मिनिटं पुरेशी वाटतात, लोकांना आणखी हवं असतानाच खेळ थांबतो. पर्यायांतली उत्तरं हवी असतील तर कहूत चांगलं आहे, पण ते वेगाला गुण देतं, त्यामुळे नेटची कटकट परत येते. चित्र काढून ओळखायचं असेल तर स्क्रिबल. त्यात सिनेमांची नावं आपली आपण टाकता येतात. फक्त मराठी नावं टाकलीत तर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं बरोबर उत्तरही ते चूक धरतं, तेव्हा ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘देऊळ’ अशी छोटी नावं निवडा.

या शनिवारपुरतं एवढंच करा: पाच-पाच नावांच्या याद्या मागवा, बारा प्रश्न काढा (चार उतरत्या सूत्रांचे, चार जोडणीचे, चार डोकं लढवायचे), उत्तरं कागदावर घ्या, विजेत्याला दोन सूत्रांचा नियम लावा. बारा प्रश्नांना चाळीस मिनिटं लागतातच, हसण्यासकट.

बक्षिसाचं विचारलंत. पैसे ठेवू नका. शंभर रुपये ठेवले तरी गुगल परत सुरू होतं आणि या वेळी त्याला कारणही असतं. आमच्या घरच्या ग्रुपमध्ये जो शेवटचा येतो तो पुढच्या आठवड्याचा सिनेमा निवडतो आणि बाकीच्यांना तो बघावाच लागतो. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने तीन तासांचा एक मारधाडपट सगळ्यांच्या गळ्यात मारला. पुढच्या खेळात त्यावर सहा प्रश्न होते आणि सहाही त्यालाच आले.